‘हव’ म्हणजे होकार?

८ जानेवारी २००१, सोमवार

रायपूर. स्टेशनसमोरचं लॉज. मॅनेजरनं तीनदा विचारलं, "साथ में कौन है?" तिन्ही वेळा सांगितलं, "कोई नहीं." मग त्यानं माझ्या खांद्यावरून मागे डोकावून पाहिलं. बावन्न वर्षांची बाई, हातात एक बॅग, खांद्याला टाइपरायटर. तरी कुणीतरी मागून येईल अशी त्याला आशा.

खोलीला कडी आहे, पण चौकटीतलं भोक मोठं झालंय. दार हलवलं की कडी आपणहून बाहेर येते. खुर्ची टेकवून ठेवली.

बूथवरून संपादकांना फोन. म्हणाले, "राज्य नवं, राजधानी नवी, मालिका तुमचीच. पण लॉजमध्ये महिना काढायचा नाही. शुक्रवारपर्यंत घरगुती पत्ता कळवा, नाहीतर परत या. समीरला पाठवतो." समीर आमचा तरुण वार्ताहर. गुणी आहे, फलाटावरही झोपेल. पण मी आयुष्यभर डेस्कवर बसून दुसऱ्यांची वाक्यं कापली. ही मालिका माझी पहिली. समीरला द्यायची नाही.

९ जाने., मंगळ.

तेलीबांधा. संपादकांच्या ओळखीचे निवृत्त इंजिनिअर, वरचा मजला रिकामा. स्वच्छ, हवेशीर, गॅलरीतून तलाव. बदकंसुद्धा. इंजिनिअरसाहेब सारखे म्हणत होते, "आपका ही घर है. जब चाहें." त्यांच्या पत्नींनी चहाचे कप आम्ही संपवायच्या आधी उचलले.

मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबले. सहाला रस्ता रिकामा. अर्धवट बांधलेली घरं, वाळूचे ढीग, कुत्री. प्रत्येक फाटक बंद. रिक्षासाठी तलावाच्या टोकापर्यंत चालत यावं लागलं. उद्या मी इथं पाय मुरगळून पडले तर बदकांना कळेल.

नाही म्हणायचं नाही. हाताशी असू दे.

१० जाने., बुध.

तात्यापारा. नाव ऐकून हसूच आलं, कुणा तात्यांचा पारा चढलेला दिसला डोळ्यांसमोर. इथं पारा म्हणजे वस्ती. अर्धं शहर असल्या पाऱ्यांचंच.

मराठी घर, दारात रांगोळी. बाईंनी पोहे दिले, माहेर विचारलं, नोकरी विचारली, पोह्यांवर पुन्हा लिंबू पिळलं आणि म्हणाल्या, "आम्ही फॅमिलीलाच देतो हो."

"मी माझी फॅमिलीच आहे."

त्यांना विनोद वाटला. खूप हसल्या. खोली नाही ती नाहीच.

लॉजवर परत. खुर्ची दाराला. संध्याकाळी कुणीतरी दोनदा ठोठावलं. "पानी चाहिए?" नको होतं. मग तिसऱ्यांदा ठोठावलं. खुर्ची थोडी सरकली.

११ जाने., गुरु.

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

भाजीबाजारात मागून आवाज आला, "वांगे काहून एवढे महाग करून ठेवले बाप्पा?" तीन दिवसांत पहिल्यांदा रस्त्यात मराठी, कानाला आराम. वळून बोलले. गजभियेताई. मूळच्या भंडाऱ्याच्या, माझ्याच वयाच्या. नवरा मालगाडीवर गार्ड. घर गुढियारीत, स्वतःचं. गच्चीवर एक खोली, मुलगा बिलासपूरला नोकरीला असल्यामुळे रिकामी. "पाहाले या न," म्हणाल्या आणि एक पिशवी माझ्या हातात दिली. पाहायला जाता जाता त्यांची भाजी मीच वाहिली.

गुढियारीबद्दल लॉजच्या मॅनेजरपासून इंजिनिअरसाहेबांपर्यंत सगळ्यांनी बजावलेलं. ट्रक, हमाल, गर्दी, अकेली औरत वगैरे. खरंय, गर्दी आहे. गल्लीत ट्रकची चाकं दुरुस्त होताहेत, मालधक्क्याचा धडाड धडाड आवाज. पण प्रत्येक ओट्यावर बायका बसलेल्या. आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ताईंना चार जणींनी विचारलं, "कोन हे दीदी?"

खोली लहान. खिडकी. कडी, आणि कडीला बसणारं भोक. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली मुलाचं क्रिकेटचं बक्षीस.

मी सगळं नीट विचारलं. महिनाभर राहीन, चालेल? "हव." टाइपरायटर वाजेल. "हव." कधी परतायला उशीर होईल. "हव." भाडं आगाऊ देते. "हव." मुलगी वर्षा कॉलेजात आहे, ती दारात उभी राहून गालातल्या गालात हसत होती. कशाला, कोण जाणे.

बूथवर जाऊन संपादकांना पत्ता सांगितला. एक दिवस आधी! "वा," म्हणाले. त्यांचा "वा" मला वर्षातून दोनदा मिळतो.

१२ जाने., शुक्र.

सकाळी मॅनेजर म्हणाला की खोली आजच रिकामी करा, राजधानीमुळे कुणा साहेबांची माणसं येताहेत, सगळं लॉज त्यांचं. मी ऐटीत सांगितलं, करतेच आहे.

बॅग, टाइपरायटर, सायकलरिक्षा, गुढियारी. गजभियेताई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं.

"चालल्या का गावाले?"

"राहायला आले. काल ठरलं ना."

"कवा ठरलं?"

"तुम्ही हव म्हणालात."

"अवो मॅडम, ते त मी आयकून राहिली होती! तुमी पुण्याकडचे लोकं बोलतच राहता. मधात मानसानं काही म्हना नाही लागत का?"

"मी नाशिकची."

"एकच न ते."

हव म्हणजे हो, एवढं मला नागपूरच्या बातम्यांवरून ठाऊक होतं. 'ऐकतेय, पुढे बोला' असाही त्याचा अर्थ असतो हे कुणी छापलं नव्हतं. ताईंचं म्हणणं सरळ: मालक लाइनवर गेलेत, गाडीबरोबर, उद्या येतील. खोली त्यांनी बांधली. त्यांना न विचारता 'हो' कशी म्हणणार? आणि मी बोलत असताना गप्प कशी बसणार?

वर्षा आतून म्हणाली, "मम्मी तो टीवी को भी हव बोलती है."

"चूप वं पोट्टी."

कोपऱ्यावरच्या दुकानातून तेलीबांध्याला फोन केला. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "बिलकुल, आपका ही घर है. बस, इस हफ्ते ज़रा... मिसेस के रिश्तेदार..." मागून कप ठेवल्याचा आवाज आला. मी आभार मानले.

म्हणजे आता लॉज नाही, तलाव नाही, आणि जो पत्ता कळवलाय तो माझा नाही. संपादकांना पुन्हा फोन करायचा का? केला तर उद्याच्या गाडीनं समीर. दुकानातच बराच वेळ उभी राहिले. नाही केला.

परत आले तर माझी बॅग ओट्यावर नव्हती. ताईंनी वर्षाच्या खोलीत नेऊन ठेवली होती. "मालक येईपर्यंत पाहुन्या," म्हणाल्या. "पाहुन्यासाठी कोनाले इचारा नाही लागत." जेवताना विचारलं, "अन् तुमचे मालक?"

"नाहीत. नव्हतेच कधी."

ताईंनी भात वाढला. "बरं हाय मंग. कोनाचा डबा करा नाही लागत."

१३ जाने., शनि.

गजभियेभाऊ दुपारी आले. उंच माणूस, हातात गार्डची पेटी, कपड्यांना कोळशाचा वास. मी पाहुणी म्हणून चहा घेत होते. ताईंनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. 'हव'चा घोटाळाही. त्यावर ते हसले नाहीत. मला म्हणाले, "सारं रायपूर सोडून गुढियारीच काहून? लोकांनी सांगितलं नाही का तुमाले?"

"सांगितलं."

"मंग?"

जे डोक्यात होतं तेच बोलले. "तेलीबांध्याला मी आहे की नाही हे कुणाला कळणार नाही. इथं काल दुकानातून परत आले तोवर शेजारी विचारत होत्या, वो टाइपवाली दीदी कहाँ गई?"

"कोनं इचारलं?"

"लाल साडीवाल्या. समोरच्या."

"एकीनंच?" आता हसले. "मंग काल गल्ली झोपेतच होती." ताईंकडे वळून म्हणाले, "चाबी दे वं यांना."

हव नाही, हो नाही. चाबी.

कडी लावली. हलवून पाहिली. बसली.

१४ जाने., रवि.

दहा तास झोपले. मालधक्क्यावर वॅगन आपटत होत्या म्हणे. ऐकल्या नाहीत.

समोरच्या लाल साडीवाल्यांनी तिळगूळ आणून दिला. खिडकीत टाइपरायटर मांडलाय.

१९ जाने., शुक्र.

पहिला लेख फॅक्स केला. उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमधल्या पाळीवर. दिवसभर तिथं होते, रुमाल काळा, नाक काळं, केसांत लोखंडाची धूळ. परतताना अंधार पडू लागला. टेम्पोत मी एकटीच बाई. ड्रायव्हरनं आरशात पाहून विचारलं, "कहाँ जाना है मैडम?"

"गुढ़ियारी."

"गुढ़ियारी में किसके घर?"

क्षणभर लॉजचा मॅनेजर आठवला. मग म्हणाले, "गजभिये गार्ड के यहाँ."

"अच्छा, गार्ड भैया!" गल्लीच्या तोंडाशी नाही, थेट ओट्यापाशी सोडलं. ताई बाहेरच उभ्या होत्या. "एवढा उशीर? वर्षा वाट पाहून राहिली होती." वर्षा आत टीव्ही पाहत होती.

बरं वाटलं. थोडी चीडही आली. कुणी वाट पाहिलेली अंगवळणी नाही.

२६ जाने., शुक्र.

वर्षाला बातमी कशी लिहितात ते शिकायचं होतं. अर्धा तास मराठीत समजावलं. तिला सगळं समजलं. प्रश्न सगळे हिंदीत. शेवटी म्हणाली, "मौसी, आप नाशिक में भी ऐसे ही अकेली रहती हो?" हो म्हटलं. "मज़ा आता है?"

बहुतेक दिवस, म्हटलं.

मौसी कधी झाले, ते लक्षातच आलं नाही.

५ फेब्रु., सोम.

संपादकांचा निरोप, दुकानदारानं गल्लीभर ओरडून दिला. लेख चांगले जाताहेत. मालिका मार्चअखेरपर्यंत वाढवा. समीरचं नाव नाही.

अडचण अशी की आजच बिलासपूरहून मुलाचं पत्र आलंय. त्याची बदली रायपूरला होऊ शकते. होळीच्या सुमारास. झाली तर खोली त्याची, हे न सांगता कळतं. भाऊ लाइनवर, चार दिवसांनी येतील.

८ फेब्रु., गुरु.

ताई ओट्यावर वालाच्या शेंगा मोडत होत्या. शेजारी बसले, मीही मोडायला घेतल्या. नवीन घर शोधायला निघावं का, हे आधीच कळलेलं बरं. पुन्हा तात्यापारा, पुन्हा पोहे. सरळ विचारलं.

"ताई, होळीनंतरही राहिले तर चालेल का? मुलगा आला तर मी वर्षाच्या खोलीत राहीन. टाइपरायटर ओट्यावर घेईन. चालेल?"

ताईंनी एक शेंग मोडली. शिर ओढली, दाणे परातीत टाकले. समोरून लाल साडीवाल्या कान देऊन ऐकत होत्या.

"हव," म्हणाल्या.

मी पुढची शेंग उचलली. कोणता हव, विचारलं नाही.