जो सुचवेल त्याच्या गळ्यात

वाशी, ६ जानेवारी २०२५

ती. सुभाषकाकांस,
ऋताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमचं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि आपण एकमेकांवर नुसते ओरडत बसतो, म्हणून हे पत्र. वाशी ते खारघर जायला पोस्टाला चार दिवस लागतील, पण निदान पुरतं पोचेल तरी.

बातमी अशी की मला बढती मिळाली. न्हावा शेव्याच्या आमच्या कंटेनर यार्डाची मी आता ‘नवकल्पना प्रमुख’. आमचे मिथुन सर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांना सगळ्यांत सर्जनशीलता हवी आहे. ऑफिसची एक भिंत पिवळी केली. खुर्च्या काढून पोत्यासारख्या गाद्या टाकल्या. त्यात बसलेल्या हेडक्लार्कना उठवायला दोन माणसं लागली. दारात एक ‘कल्पना पेटी’ ठेवली, तीही कुलूप लावून.

एकतीस मार्चपर्यंत पंचवीस उपयोगी सूचना आल्या नाहीत तर माझा हा नवा विभाग बंद. माझी जुनी जागा भरून टाकली आहे, म्हणजे माझीही नोकरी गेली. महिनाभरात पेटीत तीन कागद निघाले. पहिला वडापावचा, तेलकट. दुसऱ्यावर लिहिलं होतं की पेटी हलवा, हजेरी लावताना अडते. तिसरा कोरा, पण नीट चार घड्या घातलेला. पेटी हलवली आणि ती एक सूचना मोजली. खरंच रडू येतं, काका. तुम्ही तीस वर्षं कारखान्यात काढलीत. माणसं बोलती कशी करायची ते सांगा. काकूंना नमस्कार. लोभ आहेच, या खेपेला सल्लाही असावा.

तुमची,
ऋता

खारघर, १४ जानेवारी २०२५

चि. ऋतास,
अनेक उत्तम आशीर्वाद. सोबत तिळगूळ पाठवणार होतो, पण पोस्टात त्याचा भुगा होईल असं तुझी काकू म्हणाली, म्हणून कोरडंच गोड बोल.

तू विचारलंस कोणाला! परवा रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी या नात्याने मी सूचना मागितल्या. चौसष्ट सभासद पंख्याकडे बघत बसले. सभा संपली आणि खाली चहाच्या किटलीभोवती तेच चौसष्ट जण पार्किंग कसं करावं, लिफ्ट कशी सुधारावी हे एकमेकांना हिरीरीने सांगत होते. मी जवळ गेलो की क्रिकेट.

मी सेक्रेटरी कसा झालो ते तुला ठाऊक नसेल. अकरा वर्षांपूर्वी सभेत मी एवढंच म्हणालो की पाण्याच्या टाकीच्या झाकणाला कुलूप हवं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले की मग तुम्हीच बघा. तेव्हापासून मी बघतोच आहे. कुलूप, पंप, वॉचमन, तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं, सगळं. जेवताना बेल वाजली नाही असा दिवस आठवत नाही.

तेव्हा पेटीत डोकावू नकोस, जिथे चहा पितात तिथे जा. तब्येत सांभाळ, आणि उत्तर आलं नाही तर काकू माझं डोकं खाईल हे ध्यानात ठेव.

तुझा,
सुभाषकाका

वाशी, २८ मार्च २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नका. तुमचं पत्र मिळालं आणि मी यार्डाच्या गेटबाहेर चहाला जाऊ लागले. आठ दिवस माझ्यापुढेही क्रिकेटच. नवव्या दिवशी गोटीरामला गाठलं. हा उरणकडचा, वीस वर्षं यार्डात. सूचना का देत नाही म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, नको गो बाय, जो सांगल त्याचेच गल्यान परतं.

चार वर्षांपूर्वी त्याने सुचवलं होतं की रांगांच्या खांबांवर मोठे आकडे काढा, म्हणजे ड्रायव्हरांना कंटेनर शोधत फिरावं लागणार नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि हातात रंगाचा डबा दिला. तीन महिने ड्युटी संपल्यावर तो खांब रंगवत होता. दर पावसाळ्यानंतर अजूनही रंगवतो. सगळे त्याला पेंटर म्हणतात. तेव्हापासून यार्डात कोणी तोंड उघडलेलं नाही. मला तुमचं टाकीचं झाकणच आठवलं.

मी मिथुन सरांकडून एक नियम सही करून घेतला: जो सुचवेल त्याला ते काम करावं लागणार नाही. यार्डात कोणाचा विश्वास बसेना. शेवटी सरांनाच म्हटलं, तुम्ही एक खांब रंगवा. काका, माणूस पांढरे बूट घालून आला हो! सगळा यार्ड जमला. गोटीरामने पाच मिनिटं सहन केलं, मग सांगितलं की ब्रश वरून खाली मारा, रंग बुटावर येतोय. मी तिथेच वहीत लिहिलं: सूचना क्रमांक दोन.

कालपर्यंत एक्केचाळीस झाल्या. नोकरी वाचली. खांबांना रंगारी लावलाय. ड्युटी संपली की गोटीराम आता निवांत गरम चहा पितो. माझ्या डोक्यावर तुमचा हात असाच राहू द्या.

तुमची,
ऋता

खारघर, २१ एप्रिल २०२५

चि. ऋतास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काकूने दोनदा वाचलं आणि शेजारीही वाचून दाखवलं.

तुझा नियम मी मोठ्या हौसेने सभेत मांडला. टाळ्या पडल्या. अकरा वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं, तासाभरात सत्तावीस सूचना. मग माझ्या लक्षात आलं की सुचवणाऱ्यावर काम नाही, म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस सेक्रेटरीवर.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाई उठल्या. सभेत त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकला. त्यांनी अठ्ठाविसावी सूचना दिली की सेक्रेटरी दरवर्षी बदलावा. मी घाईने म्हणालो की नियमाप्रमाणे तुमच्यावर सक्ती नाही. त्या म्हणाल्या की सक्ती नाही म्हणूनच यंदा मी सेक्रेटरी होते, इतकी वर्षं गळ्यात पडेल म्हणून गप्प होते. पुढच्या वर्षांसाठी आणखी तिघांनी हात वर केले.

आज आठवडा झाला, बेल वाजलेली नाही. आमटी गरम मिळते. तुला खरं सांगतो, काकूला सांगू नकोस, मला करमत नाही. मालतीबाईंना मी रजिस्टर दिलं, शिक्के दिले, पंपाची वही दिली. टाकीच्या कुलपाची किल्ली त्यांनी मागितली नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. रोज सकाळी सहाला गच्चीवर जातो, झाकण नीट आहे ना ते बघतो आणि खाली येतो. कोणी सांगितलेलं नाही.

तिळगूळ अजून शिल्लक आहे. येऊन घेऊन जा.

तुझा,
सुभाषकाका