विहार गावातच होता

१२ जून
पूजानं पुण्याहून लिंक पाठवलीय. "आई, हे ऐकत जा, डोकं शांत राहील." हे वारल्यापासून लेकीसकट सगळ्यांना माझ्या डोक्याचीच काळजी. बुद्धावरचे व्हिडिओ, हिंदीत. गच्चीवर गेल्याशिवाय रेंज नाही. त्यातले भन्ते म्हणाले, श्वास नुसता बघा. बघायला लागले, तर मधेच तणनाशकाची जाहिरात. तरी खाली उतरताना यांची चप्पल दिसली अन् रडू आलं नाही. तेवढं पुरे.

१९ जून
अंगणवाडीतून आले की गच्ची. जाऊबाई खालून, "काय बया, रोज कंचा पिक्चर बघती?"
दुःख आहे, हे पहिलं सत्य. यात काय सांगायचं? दुसरं, दुःखाला कारण आहे. तिथंच बंद केलं. माझं कारण कळंब रोडवरचा ट्रक. भन्त्यांना काय माहीत.

२७ जून
पूजानं त्या व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपात घातलं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, एकटीनं बसू नका, जवळच्या विहारात जा, चार माणसांत बसा. मी लिहिलं, "आमच्याकडे जवळपास विहार नाही."
खाली येऊन देवापुढं दिवा लावत होते. ओढ्यापलीकडं भोंगा सुरू झाला. बुद्धं सरणं गच्छामि. रोजच लागतो. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. बौद्ध वस्तीचा भोंगा, एवढंच डोक्यात. गच्चीवर कानात वायर घालून जे पाठ करते, ते हेच, असं एकदाही...
मेसेज खोडायला पळत वर गेले. लोकांनी वाचला होता. कुणीतरी सहानुभूतीचे हात जोडले होते. लाज वाटली.

३० जून
कमलला विचारलं. अंगणवाडीत मी सेविका, ती मदतनीस. एवढी वर्षं एका खोलीत, पण तिच्या वस्तीत मी फक्त बाळांची वजनं करायला गेलेली.
"विहारात बाहेरचं कुणी आलं तर चालतं का गं?"
"चालतं की. कोन येनार हाय?"
"मी."
तिनं निवडायची डाळ बाजूला ठेवली. "या बाई. कुनी न्हाय म्हननार न्हाय. पन आबांना इचारून या. न्हाईतर तुमचं व्हायचं ध्यान अन् आमचं व्हायचं भांडन."
आबा म्हणजे माझे थोरले दीर. जयंतीची मिरवणूक आमच्या आळीतून नको म्हणून आडवे उभे राहिले ते तेच. अन् कमलचा नवरा आबांचंच रान बटईनं, अर्ध्या वाट्यानं करतो. यांच्या वाट्याचं रानही सध्या आबाच बघतात.
आबांना विचारलं नाही. नाहीच म्हणाले असते.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा
गेले.
पांढरी साडी नेसतात, कमल म्हणाली होती. हे गेल्यावर आणलेली, पूजाला बघवायची नाही म्हणून कपाटात तळाशी दाबलेली, तीच काढली. बायकांनी सरकून सतरंजीवर जागा दिली. पंचशील मला पाठ, पण इथली चाल संथ, मी आपली पुढं पुढं. शेजारची म्हातारी पुटपुटली, "दमानं, माय. गाडी न्हाय सुटत." हसू आलं. यांच्या माघारी पहिल्यांदा. मग रडू आलं ते थांबेना. कुणी गप बस म्हणालं नाही. खीर दिली, तिथंच बसून खाल्ली. लई दिवसांनी बरं वाटलं.

१२ जुलै
घरात कुणी विषय काढला नाही. आबांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही, एवढंच. पाऊस-पाणी बोलून उठून गेले.

२२ ऑगस्ट
कमलचं तोंड उतरलेलं. खोदून विचारल्यावर, "आबांनी रब्बीला रान द्यायचं न्हाय म्हनलं."
"का?"
"का म्हनून सांगत्यात व्हय?"
मी सांगितलं होतं तुम्हाला, असं तरी म्हणायचं. तेही म्हणाली नाही. पोरांना खिचडी वाढायला उठली.
गच्चीवर व्हिडिओ लावला. आसक्ती सोडा. बंद केला. मला शांती मिळाली अन् कमलच्या घरची ज्वारी गेली, यावर कुठला व्हिडिओ आहे?

२९ ऑगस्ट
आबांपुढं उभी राहिले. यांच्या वाट्याचं रान मी कमलच्या नवऱ्याला बटईनं देणार, म्हणाले. आबांचा अडकित्ता थांबला नाही.
"त्या मोबाइलनं शिकिवलं का हे?" मग सुपारी तोंडात टाकून, "दे. तुझं हाय. पन मग चूल येगळी मांड."
जाऊबाई आत रडत होत्या. माझ्यासाठी का घरासाठी, कळलं नाही.
पूजा फोनवर चिडली. "आई, डोकं शांत करायला सांगितलं होतं, घर फोडायला नाही. तू इकडं ये बघू राहायला."

३ सप्टेंबर
कमलला सांगितलं, रान घे. वाटलं होतं खूश होईल. ती पातेलं घासत राहिली.
"तिथं जायाचं आबांच्या बांधावरनंच ना? ट्रॅक्टर आडिवला तर?"
मी बोलेन म्हणाले.
"तुमी बोलाल, बाई. पन पूजाताई तुम्हाला पुन्याला बोलावत्यात म्हनं. तुमी गेलाव तर आमी हितंच ऱ्हानार. मग कुनाकडं बघायचं?"
नाही जात, म्हणाले मी. म्हणाले, पण लगेच नाही. पुण्याचा फ्लॅट, नातवंड, तिथं कुणी कुणाला ओळखत नाही... सगळं डोळ्यापुढून गेलं, मग म्हणाले. तेवढा वेळ कमल माझ्या तोंडाकडं बघत होती.
"घरी इचारून सांगते," म्हणाली.

६ सप्टेंबर
नवी चूल म्हणजे शेगडी अन् दोन पातेली. एकटीचा भात कितीही कमी घाला, उरतोच.
रानाचं कमल अजून काही बोललेली नाही. पांढरी साडी धुऊन वाळत घातलीय. उद्या पौर्णिमा.