डॉर्कसचा सौदा

हेझलबी मार्केट,
सेंट मॅथ्यूच्या बाजारानंतरचा रविवार

आदरणीय ऑगस्टा वन्सं यांना मर्टलचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. नसेल तर बदकाची चरबी चोळा. डॉक्टरांचं मलम वासाला बरं, एवढंच. मी ठणठणीत आहे. दाढ दुखते, पण ती दोन वर्षं दुखते आहे, तिला मी आता तब्येतीत धरत नाही. खुशाली एवढी पुरे, कारण बाजारात जे झालं ते चार तोंडांतून तुमच्यापर्यंत येण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

तुम्ही लग्न होऊन गेलात तेव्हा बाजाराच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नसे. आता तिथे लेखिकाबाईंचं घर, लेखिकाबाईंचा बाक आणि ओळीने तीन पुस्तकांची दुकानं आहेत. बाई इथे राहिल्या एक हिवाळा, आणि जाऊन कादंबरीत लिहिलं काय, तर या गावाला ओल्या मेंढ्यांचा वास येतो आणि इथली माणसं खडूस आहेत. (तुमच्या आजी बाईंचं नाव निघालं की खिडकी लावून घेत, असं हे सांगायचे.) आता त्याच वाक्यापायी बसगाड्या भरभरून लोक येतात. वास काही राहिलेला नाही, म्हणून बिचारे हिरमुसतात. खडूसपणाचं मी माझ्या परीने बघते.

राहता राहिली ह्यांच्या कळपातली डॉर्कस. (बाकीच्या मेंढ्या मी ह्यांच्या माघारी विकल्या. त्यावरून तुम्ही मला नाताळात जे बोललात ते मी कधीच विसरून गेले आहे.) आपल्या बाजाराची सनद तुम्हाला ठाऊकच आहे: सेंट मॅथ्यूच्या दिवशी बाराचे टोले संपायच्या आत चौकात निदान एक जनावर विकलं गेलं पाहिजे, नाहीतर बाजाराचा हक्क बुडाला. गावात जनावर उरलं एक. म्हणून दरवर्षी मी डॉर्कस ह्यूबर्टला विकते. (पूर्वीचा खाटीक, आता चहाचं दुकान चालवतो आणि कपाला कान असावा की नसावा यावर बोलतो.) हातावर थुंकून उजव्या हातावर उजवा हात मारायचा, सौदा पक्का. दुसऱ्या दिवशी तो तिला परत आणून सोडतो. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

यंदा नगरपालिकेला चौक हवा आहे, बसगाड्या उभ्या करायला. सनद बुडाली की चौक त्यांचा. म्हणून त्यांचा वकील घड्याळ घेऊन समोर उभा. आणि ह्यूबर्ट आला तो उजव्या हाताला भलंमोठं बँडेज बांधून. भट्टीतून पाव काढताना भाजला म्हणे.

"डावा चालेल का गं?" मला विचारतो.

"तुला चालेल, सनदेला नाही," मी म्हटलं.

आमची ही चर्चा चालू असताना टोले सुरू झाले. घाबरून मी हातावर थुंकले, डोळे मिटले आणि समोर आलेल्या हातावर हात मारला. डोळे उघडले तर समोर मिस पेटिफर. तुमच्याच गावच्या, वाचकमंडळाच्या अध्यक्षा. त्यांना वाटलं, पाहुण्यांच्या करमणुकीसाठी आमचा प्रवेश चाललाय आणि प्रेक्षकांनी मधे भाग घ्यायचा असतो.

मी त्यांना बाजूला घेऊन समजावणार, तेवढ्यात वकील म्हणाला, "सौदा झाला, मान्य. पण ही मेंढी वर्षाच्या आत तुमच्या दारात दिसली तर तो खोटा धरू." तिकडे बाई डॉर्कसच्या पाठीत नाक खुपसून रडायलाच लागल्या. एवढ्या लांबून आल्याचं सार्थक झालं, कादंबरीतला वास अखेर सापडला, म्हणाल्या. मग डॉर्कस वाचकमंडळाच्या बसमध्ये मधल्या वाटेत उभी राहून गेली. बाजार वाचला. मला काही वाईट वाटलं नाही. जनावर ते जनावर, आणि तिचा चाराही वाचला.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमची,
मर्टल

ता. क. मिस पेटिफर तिसऱ्या मजल्यावर राहतात हे त्यांनी काल फोनवर सांगितलं. डॉर्कसने पडदे खाल्ले आणि बाईंच्या संग्रहातली लेखिकाबाईंची जुनी प्रत अर्ध्यापर्यंत वाचून काढली. मेंढी माझ्याकडे येऊ शकत नाही, पण तुमच्याकडे येऊ शकते. तुमची बाग मोठी आहे. बाई तिला बुधवारी आणून सोडतील. पत्ता मी दिला आहे. नाही म्हणायचं असेल तर मंगळवारपर्यंत कळवा. (हे पत्र मी मंगळवारी टाकते आहे.)

आणखी एक. पुढल्या सेंट मॅथ्यूला तिला घेऊन तुम्हीच या. विकणाऱ्या तुम्ही, घेणारी मी. मेंढ्यांचा वास आहे तोवर या गावात पाऊल टाकणार नाही म्हणाला होतात, तर तो गेला आहे.

शेवटचं. वाईट वाटलं नाही म्हणाले ते तेवढं खोडलेलं समजा. संध्याकाळी ती ओरडेल आणि चाऱ्याला तोंड लावणार नाही. तेव्हा दारात उभं राहून "चल गं बये, आटप" म्हणा, हे म्हणायचे तसं. तुमचा आवाज थेट ह्यांच्यासारखा आहे. ती खाईल. मीसुद्धा फोनवर तुमची बोलणी शेवटपर्यंत ऐकून घेते, ती काही उगाच नाही.