गोष्टीला हुंकार मिळणेबाबत

दिनांक : ०९/१२/२०२५

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती आंबेगाव, मु. घोडेगाव

विषय : शनिवारच्या गोष्टीत मुलांना 'हं' म्हणण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : विहिरीत अडकलेली राजकन्या, मागील तीन शनिवार.

महोदय,

सदर अर्जात प्रथम हुंकाराचे माहात्म्य, तदनंतर ओढवलेला अनर्थ व अंती विनंती कथन करण्यात येईल, याची कृपया नोंद घ्यावी.

१. अर्जदार सातवी पास असून डिंभे धरणाजवळील आमच्या वाडीच्या शाळेत दर शनिवारी स्वखुशीने गोष्ट सांगतो. पूर्वी ती सायंकाळी भैरवनाथाच्या देवळात होत असे. बिबट्याच्या वावरामुळे शाळेत आणली.

२. माझ्या मातोश्री कै. रतनबाई (माहेर आहुपे) यांचा दंडक असा की, सांगणाऱ्याने एक वाक्य उच्चारावे, ऐकणाऱ्याने 'हं' म्हणावे, तरच पुढचे वाक्य. तसेच जेथे सुरू केली तेथेच गोष्ट पुरी करावी.

३. नवीन शिक्षिका हर्षाली मॅडम शिस्तप्रिय असून गोष्टीच्या वेळी 'हाताची घडी, तोंडावर बोट' असा त्यांचा नियम आहे. पहिल्या शनिवारी मी "राजकन्या विहिरीत उतरली" असे पहिलेच वाक्य म्हणून थांबलो. एकतीस मुलांपैकी एकानेही 'हं' म्हटले नाही. शाळा सुटेपर्यंत वाट पाहिली. नोंदवहीत 'वक्ते चाळीस मिनिटे गप्प बसले' असा शेरा आहे.

४. दुसऱ्या शनिवारी हुंकारासाठी पत्नी सौ. ठकूबाई हिला नेले. तिने "मला सगळी म्हाईत हाये, उरका लवकर" असे भर वर्गात उद्गार काढले व ती निद्राधीन झाली. तिसऱ्या शनिवारी खिडकीबाहेरून शेळी ओरडली, परंतु तो हुंकार ग्राह्य धरावा किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन उपलब्ध नव्हते.

५. परिणामी नवसूभाऊंची समृद्धी (इयत्ता दुसरी) "ती बी उपाशीच आसंल" म्हणून ताट बाजूला सारते. शेजारच्या पप्पूने तर घरच्या विहिरीत भाकरी टाकल्या. त्याची आजी चिमाबाई दारात येऊन म्हणाली, "भिमाजी, काढ की रं त्या पोरीला भायेर! का माझी हीर भाकरींनी बुजवायची?"

६. येत्या शनिवारी गोष्ट पुरी न झाल्यास उपक्रम कायमचा बंद, असे मॅडमनी कळविले आहे.

तरी विनंती की, तोंडावरील बोट 'हं' पुरते उचलण्याची मुलांना परवानगी द्यावी. आदेशास विलंब होणार असल्यास साहेबांनी स्वतः येऊन मुलांच्या वतीने हुंकार द्यावा. हाताच्या घडीचा नियम अधिकाऱ्यांना लागू नाही, अशी मॅडमकडून खात्री करून घेतली आहे. एकंदर साठेक हुंकार लागतील. पैकी शेवटचे सात जरा जोरात द्यावेत, कारण त्या वेळी दोर ओढायचा आहे.

आवक टेबलापासून साहेबांपर्यंत ज्यांनी ज्यांनी हे वाचले, त्या सर्वांचा आभारी आहे.

आपला नम्र,
भिमाजी सयाजी लोहकरे