विजूचा लॅपटॉप दाव्याला बांधला त्याची हकिकत

मोशी, मंगळवार

चिरंजीव हिंदुराव यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे सोजराक्काचे, पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? वैद्याचं तेल लावतोय म्हणाला होतास, आणि सुमन म्हणाली की ते तेल गुडघ्यापेक्षा सायकलच्या साखळीलाच जास्त लागतं. दोघांपैकी खरं कोणाचं ते कळव. सुमनचा खोकला, काळ्या गाईचं दूध आणि विहिरीचं पाणी या तिन्हींची खुशाली वेगवेगळी लिही, एकात एक कालवू नकोस. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. पत्र नेहमीसारखं मी सांगते आणि नात विजयश्री लिहिते. मी 'न्हाई' म्हटलं की ती 'नाही' लिहिते, तेवढं सोडलं तर शब्द माझेच. (फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मधेमधे बोलतोस.)

तर विजूला नोकरी लागली. चाकणच्या कंपनीसाठी गाडीच्या सुट्या भागांची चित्रं काढते, तीही घरात बसून, आणि त्याचा पगार मिळतो. अट एवढीच की लॅपटॉप आपला आपण आणायचा. आता तुला ठाऊकच आहे, ताथवड्याला शिकत होती तेव्हा तिचा पहिला लॅपटॉप खोलीवरून चोरीला गेला. त्यात तिचं वर्षाचं काम होतं. पोरगी कितीतरी दिवस ताटावर बसायची आणि भाताचे डोंगर करून उठायची. म्हणून या खेपेला नवा आल्याबरोबर माझ्या नंदूने ठरवलं की याचा विमा उतरवायचा. मला बरं वाटलं. घरात कोणाचा तरी विमा उतरतोय, आणि त्यासाठी कोणाला मरायचं नाही. विम्याचा पोरगा कुलदीप आला, चांगल्या घरातला दिसत होता, पोहे दोनदा घेतले. म्हणाला, पडला, आपटला, चहा सांडला तर भरपाई मिळेल. मी विचारलं, कोणी वर बसलं तर? म्हणाला, तरी मिळेल. (तेव्हा विजूने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपवर बसलेच नव्हते. मी उशीवर बसले होते. तो उशीखाली होता, तो त्याचा दोष.) मग चोरीचं निघालं. तिथे मात्र तो पोहे खाता खाता गंभीर झाला. कुलूप किंवा दार फोडल्याची खूण असेल तरच भरपाई. उघड्या दारातून कोणी उचलून नेला तर कंपनी एक पैसा देणार नाही.

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझं दार तुला माहीत आहे. आमची इथली शेतं गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर आम्ही राहायला आलो. पण माझी बसायची जागा काही बदलली नाही. सकाळी दार सताड उघडायचं, उंबऱ्याशी पाट टाकायचा, पुढ्यात मेथी नाहीतर शेंगा घ्यायच्या, ते दिवेलागणीपर्यंत. लिफ्टमधून उतरला की कुठं चाललास ते सांगितल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. कुरिअरवाले सगळ्या मजल्याची पार्सलं माझ्यापाशी टाकतात, आणि सगळ्या मजल्याच्या जादा किल्ल्या माझ्या कनवटीला असतात. मी कुलदीपला म्हटलं, बाबा, या घराचं कुलूप मीच आहे, चोर आला तर आधी मला फोडेल. तो नम्रपणे म्हणाला, आजी, पण तुम्हाला फोडल्याची खूण फोटोत कशी दाखवायची? (पोरगं हुशार आहे. लग्नाचं आहे का ते विचारायचं राहिलं. विजू हे लिहीत नव्हती, मी दोनदा सांगून लिहून घेतलं.)

दुसऱ्याच दिवशी नंदूने दाराला आपोआप लागणारं कुलूप बसवलं. दार लोटलं की टक्. तेव्हापासून मी आतल्या बाजूला बसून दाराची पाठ बघत होते. मेथी निवडून लगेच संपायची, कारण मधे बोलायला कोणी नाही. लिफ्ट वाजली की कोण आलं असेल याचा नुसता अंदाज करायचा, आणि अंदाज बरोबर आला तरी सांगायचा कोणाला? मी तोंड फुगवून बसले की नंदू म्हणायचा, आई, मोशीची हवा तुला मानवत नाही बहुतेक. हवा इथे गेली कितीतरी वर्षं हीच आहे, पण त्याच्या लक्षात आत्ताच आली.

मग गेल्या शुक्रवारी काय झालं ते ऐक. नंदू शिफ्टला, सून शाळेत. विजू स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत कानाला ते डबडं लावून तिच्या साहेबांशी बोलत होती. नवी नोकरी, पहिलीच मोठी मीटिंग. मी गॅसवर दूध ठेवलं आणि पार्सलवाला आला म्हणून एक पाय बाहेर टाकला. दुसरा पायही गेला. मागे टक्. हिंदुराव, अख्ख्या मजल्याच्या किल्ल्या माझ्या कनवटीला, फक्त माझीच नाही! बेल वाजवली, दार बडवलं, विजूच्या नावाने हाका मारल्या. कानात डबडं. तोवर करपल्याचा वास बाहेर आला, आणि समोरच्या रुपालीचा नवरा पहार घेऊन धावला. त्याने आणि वॉचमनने मिळून कुलूप उचकटलं आणि आत घुसले, मी पातेलं उतरवायला चिमटा उचलला. विजूची पाठ दाराकडे, तिला काहीच पत्ता नाही. पण पलीकडे पडद्यावर साहेबाला दिसलं, की आपल्या नव्या मुलीच्या मागून धुरातून दोन माणसं पहार घेऊन येतायत आणि त्यांच्या मागून एक म्हातारी चिमटा घेऊन. तो खुर्चीतून उठून ओरडायला लागला म्हणे, विजयश्री, मागे बघ! (साहेब मनाचा चांगला आहे. नंतर त्याने पातेल्याची चौकशी केली. पातेलं गेलं, नोकरी राहिली.)

नेमका त्याच दुपारी कुलदीप लॅपटॉपचा फोटो काढायला आला. लोंबणारं कुलूप बघून म्हणाला, आजी, क्लेमची तयारी अगदी चोख झालीये, आता फक्त चोरी राहिली. मी हसले नाही. विजू दारातच रडवेली होऊन उभी होती, नंदू शिफ्टवरून येऊन तावातावाने नव्या, याहून दणकट कुलपाचं बोलत होता, आणि मला एकदम आपला गोठा आठवला. मी म्हटलं, कुलदीप, आमच्या गोठ्याला कधी दारच नव्हतं. म्हैस खुंट्याला असायची. न्यायची तर दावं तोडावं लागायचं. तुझ्या कंपनीला फोडल्याची खूणच हवी ना, मग दावं तोडल्याची चालेल का? तो आधी हसला, मग डोकं खाजवलं, मग ऑफिसला फोन लावून जिन्यात जाऊन बराच वेळ बोलला. परत आला तो म्हणाला, चालेल, पण लोखंडी हवं आणि खुंटा हलता कामा नये.

लॅपटॉपच्या कुशीला साखळी अडकवायला भोक असतंच म्हणे, बनवणाऱ्यालाही गुरांची माहिती असणार. आता तो खिडकीच्या गजाला बांधलाय. विजू टेबलाला गव्हाण म्हणते आणि वेळेवर चारा माझ्याकडून मागते. दार उघडं आहे, पाट उंबऱ्याशी आहे, आणि हे पत्र मी तिथूनच सांगतेय.

सुमनला आशीर्वाद. गुडघ्याचं खरं लिही.

तुझी
सोजराक्का

ता. क. तुझ्या माळ्यावर ढवळ्याच्या गळ्यातली घंटा आहे, ती पाठव. साखळीला बांधायची आहे. (विजू म्हणते मीटिंगमध्ये वाजेल. वाजू दे. पाठव.)

आणखी एक. पत्र खरं यासाठी. नंदूचा तुला फोन येईल, की आईला हवापालटाला दोन-तीन महिने ठेवून घे. तू म्हण, जागा नाही. पाहुणे आलेत म्हण, गाय व्यायलीये म्हण, काहीही म्हण. तुझ्याकडे यायला मला आवडतं, पण पाठवलेली येणार नाही. मी आपण होऊन आले तर मात्र जागा कर, पडवीतली नको, आतली.

मामाआजोबा, हे खालचं माझं, विजूचं. आजीला वाचून दाखवणार नाही. बाबा फोन करणार नाहीत. दणकट कुलूप त्यांनी परवाच आणलं, आणि काल दुकानात परत देऊन आले. आजीला वाटतंय कुलूप बसवणारा आळशी आहे, अजून आलाच नाही, म्हणून दार उघडं राहिलंय, आणि ती रोज त्याला दुवा देते. आज बाबा सुट्टीवर आहेत. पत्र सांगून झाल्यावर बाहेरून आले, आणि आता उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसून शेंगा सोलतायत, आणि लिफ्टमधून उतरणाऱ्याला कुठं चाललास ते आता तेच विचारतात. घंटा मात्र पाठवू नका.