रोडगा ॲपची मक्तेदारी

१८ मार्च २०२४
डिजिटल स्पर्धा कायद्याचा सरकारी मसुदा पूर्ण वाचला. बड्या ॲप स्टोअरांची दादागिरी संपणार. माझ्या 'रोडगा' ॲपवर खामगावात गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे नि वांग्याची भाजी अशा जेवणाला आचारी ठरवता येतो. प्रत्येक बुकिंगमधून स्टोअर कमिशन कापतं. कायदा आला की बंद. निदान मला तरी तसं कळलं. बायको शारदा म्हणाली, "कायदा येईपर्यंत थांबते मी. पण नाही आला, तर मुकाट्यानं बुलढाण्याच्या कॉलेजात शिकवायले जा." कबूल केलं. पावसाळ्यापर्यंत येईलच.

२ एप्रिल
एक शंका. गावात रोडग्यांचं दुसरं ॲपच नाही. मग मक्तेदार मीच की! मसुदा कोट्यवधी ग्राहकवाल्यांसाठी आहे, माझे जेमतेम दोनशे. पण तत्त्व असं आकड्यावर ठरवायचं?

५ एप्रिल
ठरवायचं नाही. ॲप उघडलं की आता आधी विचारणार: आचारी कुठून हवा, 'रोडगा'कडून की उकंडरावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून? उकंडराव म्हणजे इथल्या आचाऱ्यांचे म्होरके. ग्रुपवर बुकिंग फुकट. माझं नाव वर ठेवणं मसुद्याप्रमाणे पक्षपात झाला असता. त्यांचं वर टाकलं.

११ एप्रिल
उकंडरावांचा फोन. "शेखरभाऊ, तुमी काऊन माह्या ग्रुपची जाहिरात करून राह्यले?" कायदा समजावला. मग म्हणाले, "भाऊ, वहिनीले द्या बरं फोन."

३० जून
बुकिंग निम्म्यावर. निकोप स्पर्धेचं लक्षण. शारदा म्हणाली, पहिला पर्याय बदला. कायदा येण्याआधीच मोडू?

८ डिसेंबर
मेहुणा प्रेम याच्या शेतात रोडगे. आचारी ग्रुपवरून आलेला. कोणी ठरवला, विचारलं. शारदाने. "वरचं बटन दाबलं, झालं," म्हणाली. प्रेम म्हणाला, "भाऊजी, वाढू का अजून एक? तुमच्या ॲपचा नाही, पण चांगला हाय." दोन खाल्ले. वांगी तिखट होती.

२१ फेब्रुवारी २०२५
कायदा नाही. बुकिंगही नाही. त्यामुळे कमिशन शून्य. म्हणजे उद्देश सफल झाला, असं म्हणता येईल. म्हणावं का, यावर दुपारभर विचार. लिहून ठेवतो, ठरवलेलं नाही.

१३ ऑगस्ट २०२५
पेपरात बातमी: मसुदा मागे घेतला, आधी बाजाराचा अभ्यास होणार. बातमी दोनदा वाचली. काही वाटलं नाही. आता तो प्रश्न ॲपवरून काढायला हरकत नव्हती, म्हणून बसलो. मग दिसलं, ज्यांना विचारायचं ते सगळेच ॲप काढून मोकळे झालेत. एक उरला होता. तो मीच.

उद्या पहिल्या बसने बुलढाणा. तासिका तत्त्वावर, विषय वाणिज्य. शारदाने विचारलं, "डब्यात पोळी देऊ का भाकर?"
म्हटलं, दे काहीही.