दहावा माणूस

३ फेब्रुवारी

चि. ठिणगी हिस,
मामाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चष्मा आपटला. फुटला नाही, हे त्याचं नशीब! कुलूपवाल्याशी लग्न ठरवलंस? माणूस सोन्यासारखा आहे, कबूल. प्रार्थनालयाचं गंजलेलं कुलूप त्यानंच उघडून दिलं. पण पोरी, कुलूप उघडणं वेगळं आणि त्या घरचं होणं वेगळं!

किती राजे आले नि गेले, आपण यहुदी टिकलो. तलवारीनं? छे! शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आपल्या बायकांनी शब्बाथचे, आपल्या पवित्र विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लावले, म्हणून टिकलो. प्रेम सगळं जग करतं, देवाशी केलेला करार आपण पाळतो. पूर्ण प्रार्थनेला आपले दहा पुरुष लागतात आणि दहाव्यासाठी मी दर शनिवारी गल्लीत बोंबलत फिरतो. मुलं आईवरून यहुदीच ठरतील, असं तू वकिलासारखं लिहितेस. ठरतील गं! पण बापाला काहीच ठाऊक नसेल, तर शिकतील कुणाकडून?

तुझ्या आईमागे तुला वाढवलं, म्हणून हक्कानं ओरडतो. लोभ आहे, म्हणूनच राग आहे.

तुझा,
मामा

२७ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला चांगलं चार पानी उत्तर लिहिलं होतं, फाडून टाकलं. का ते ऐका. शुक्रवारी वॉर्डात एक बाळंतपण अडलं आणि मला सुटायला उशीर झाला. खोलीवर आले तर खिडकीत दोन्ही दिवे लखलखत होते! हा मला भेटायला आला होता. माझे दिवे चुकू नयेत म्हणून अंधार पडल्यावर त्यानंच लावले. शब्बाथ लागल्यावर ज्या वेळी आपण काडीसुद्धा ओढत नाही, नेमक्या त्या वेळी! चेहरा असा फुललेला की मला रागावताही येईना. मी रडायला लागले, तर वात वाकडी झाली का, असं विचारत राहिला.

मामा, इतकी माया आणि इतका परका! उद्या माझी मुलं यालाच शब्बाथ म्हणतील. मी त्याला नाही म्हणून सांगितलंय. तुम्ही जिंकलात. आता चष्मा सांभाळा, आणि मला लगेच शाबासकी देऊ नका.

तुमचीच,
ठिणगी

१० ऑगस्ट

चि. ठिणगी हिस,
मामाचे आशीर्वाद. आधी खाली बस, मग वाच!

इतके महिने दडवलं, आता राहवत नाही. तुझा कुलूपवाला मार्चमध्ये माझ्या दारात उभा राहिला. म्हणे, तुमचा धर्म शिकायचाय. धर्मात येऊ पाहणाऱ्याला आधी तीनदा परतवायचं, या रीतीप्रमाणे हाकलला. पुन्हा आला, पुन्हा हाकलला. तिसऱ्यांदा बजावलं की पोरगी मिळणार नाही. तो म्हणाला, ते ठाऊक आहे, पण दिवे लावण्यात माझं काय चुकलं ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. मागच्या बाकावर बसवला आणि शिकवायला लागलो.

काल शनिवारी प्रार्थनेला आम्ही नऊच जमलो. दातांचे डॉक्टर गुडघा धरून घरी बसलेले. आपला शिंपी म्हणाला, हा आहे की, धरा यालाच दहावा. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर मोह झाला. तर हाच उठला! म्हणाला, मी अजून मोजण्यातला नाही. आणि पळत जाऊन, शब्बाथला वाहन चालत नाही म्हणून, डॉक्टरांना खांद्याचा आधार देत, चालवत घेऊन आला. दहा पुरे झाले आणि आम्ही तोराची, आपल्या धर्मग्रंथाची, गुंडाळी उघडली गं!

अजून तिघा पंचांसमोर त्याची परीक्षा व्हायची आहे, मगच तो आपल्यात मोजला जाईल. लग्नाबद्दल मी चकार शब्द काढणार नाही आणि तूही त्याला काही लिहू नकोस. फक्त येत्या शुक्रवारी रजा काढ आणि ऊन आहे तोवर इथे पोहोच. दिवे तू लाव. ते कधी आणि का लावायचे, हे आता त्याला सांगावं लागणार नाही.

दार उघडं ठेवतो.

तुझा,
मामा